दोन यार्डांचा माणूस

मी आकडे मराठीतच मोजते. कतारच्या दोह्यात इतकी वर्षं फिजिओथेरपी केली, पेशंट नाना देशांचे, त्यांच्याशी बोलणं हिंदी-इंग्रजीत, मधूनच अरबी यल्ला, म्हणजे चला, आणि खलास. पण पाय उचलून धरायला सांगितला की माझ्या तोंडून 'एक, दोन' असंच निघायचं. इंग्रजीत मोजलं की माझं लक्ष आकड्याकडे जातं आणि पायावरून उडतं. त्यात माझी एक लबाडीही होती. शेवटच्या खेपेला मी 'एक, दोन, साडेमाडे...' म्हणून थांबायची. लहानपणी नाशिकला आमच्या गल्लीत शर्यत लावताना म्हणायचो तसंच. साडेमाडेला जो पळाला तो बाद, पळायचं ते 'तीन' ऐकल्यावर. पेशंटला वाटायचं, आता तीन येणार, म्हणून तो पाय धरून ठेवायचा आणि तेवढ्यात मी त्याच्याकडून चार-पाच सेकंद जास्तीचे काढून घ्यायची. आमची रिसेप्शनिस्ट शायनी नव्या पेशंटला आधीच सांगून ठेवायची, "मॅडम का तीन बहुत दूर रहता है."

या अंकाच्या संपादकबाईंनी मला माझ्या 'कारकिर्दीबद्दल' लिहायला सांगितलं आहे. त्या माझ्या जुन्या पेशंट. त्यांच्या कंबरेची सगळी गुपितं मला ठाऊक असल्यामुळे लेख परत येणार नाही, एवढी खात्री आहे. पण कारकीर्द वगैरे काही नाही. अल मन्सूरा भागातल्या एका जुन्या इमारतीत, खाली किराणा दुकान आणि वर आमचं क्लिनिक, तिथे मी लोकांचे सांधे हलवत बसले, एवढंच.

फिजिओ म्हणजे मालिशवाली, असं निम्म्या लोकांना वाटतं. उरलेल्या निम्म्यांना वाटतं की आम्ही डॉक्टर व्हायला निघालो आणि मार्कांत अडकलो. दोन्ही खोटं. आमचं काम वाट पाहण्याचं आहे. स्नायू आठवड्याला मुंगीच्या पावलाने सुधारतो आणि माणसाला उद्याच बरं व्हायचं असतं. त्या वर्षांत तर फारच. वर्ल्ड कप यायचा होता. मेट्रोसाठी आमच्या दारातला रस्ता खणलेला, वळणं रोज बदलायची आणि सकाळच्या पेशंटला क्लिनिक सापडेपर्यंत दुपार व्हायची. स्टेडियमवाल्यांना तारीख, रस्तेवाल्यांना तारीख. सगळ्या देशालाच डेडलाइन होती आणि तिचा ताण खांद्यात, मानेत, कंबरेत साठवून लोक माझ्याकडे यायचे.

पुण्याचे एक इंजिनिअर होते. त्यांना मानेचे व्यायाम दिले, वर-खाली, डावी-उजवीकडे. घरी वेळ नाही म्हणून ते साइटच्या मीटिंगमध्ये करायला लागले. एकदा त्यांची मान वर-खाली चालू असतानाच समोरच्याने विचारलं, "हे ड्रॉइंग मंजूर का?" आणि मंजूर झालंसुद्धा. पुढच्या वेळी माझ्याकडे येऊन म्हणाले, "मॅडम, मला फक्त डावी-उजवीकडचेच व्यायाम द्या." एक सळ्या बांधणारा नेपाळी कारागीर होता, रामबहादूर. त्याचा खांदा धरला होता. हात किती अंशांपर्यंत वर जातोय हे मी मोठ्या कौतुकाने सांगायची, पण त्याला एकच विचारायचं असायचं, "विमान में ऊपर बॅग रख सकूंगा?" त्याच्यामुळे मी शिकले की आधी माणसाला विचारायचं, हे अंग तुला कशासाठी हवंय.

पण ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले, तो टेरेन्स.

एका सकाळी शायनीने कार्ड आणून दिलं. "मॅडम, नया पेशंट. अमेरिकन है. रनिंग बॅक. और राइट नी." कार्डावरही तसंच लिहिलेलं. मी मनाशी अर्थ लावला, पळताना पाठ दुखते आणि उजवा गुडघाही. आत आला तो दाराएवढा माणूस, वय पस्तिशीच्या अलीकडे, मांड्या अशा की आमचं टेबल कुरकुरलं. मी त्याला पालथं झोपवलं आणि मणका वरून खाली दाबत निघाले. दहा मिनिटं त्याने दाबू दिलं. मग मान वळवून नम्रपणे म्हणाला, "मॅडम, माझा गुडघा पुढच्या बाजूला आहे."

"तो नंतर. आधी रनिंग बॅक बघू. पळताना किती दुखते?"

"मॅडम," तो म्हणाला, "रनिंग बॅक म्हणजे मी."

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू कुशीत धरून पळणाऱ्या खेळाडूला रनिंग बॅक म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. घरी सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, ओ माय गॉड, इट्स अ पोझिशन." नवऱ्याने त्यानंतर वर्षभर मी कंबरेला हात लावला की विचारलं, "काय, रनिंग बॅक का?"

पण त्या चुकीनेच सगळं उघडं केलं. गुडघा म्हणून आला असता तर मी गुडघाच पाहिला असता. पाठ दाबत असताना कंबरेच्या एका जागी तो दचकला होता आणि ते माझ्या बोटांनी टिपून ठेवलं होतं. हसून झाल्यावर मी त्याला टाचांवर चालायला सांगितलं. म्हणजे पावलाची बोटं वर उचलून, फक्त टाचा टेकत. डावा पाय ठीक होता. उजव्याची बोटं दुसऱ्याच पावलाला खाली आली. गुडघा दुखत होता तो त्या लुळ्या पावलाला सांभाळून घेताना.

"पाऊल बधिर होतं का?"

"ते होतंच. बर्फाने."

कसला बर्फ, ते त्याने सांगितलं. तो बाहेरच्या मोठ्या मैदानावरचा खेळाडू नव्हता. हॉलच्या आत खेळतात त्या इनडोअर फुटबॉलचा होता. मैदान निम्मं आणि कडेला रेषेच्या जागी गादी लावलेली भिंत. बाहेर खेळताना मार चुकवायला रेषेपलीकडे पळता येतं, इथे भिंतीवरच आपटतात. कबड्डीला हेल्मेट घातलं आणि अंगण लहान केलं तर साधारण तसं. हा खेळ तिकडच्या लहान गावांत चालतो, हिवाळ्यात जिथे बर्फावरची हॉकी चालते त्याच हॉलमध्ये. बर्फ काढत नाहीत, त्यावरच पाट्या टाकून हिरवं कारपेट अंथरतात. खालून गार लागतं, पावलं बधिर होतात. दहा वर्षं त्याला तीच सवय होती.

मी म्हटलं, "दोह्यात बर्फ कुठे आहे?"

त्याने वाकून आपलं उजवं पाऊल हाताने चाचपलं. खाली मेट्रोवाल्यांचं मशीन धडधडत होतं.

एमआरआयमध्ये कंबरेतली चकती नसेवर दाबत असलेली दिसली. ऑपरेशन आत्ता नको, आठ आठवडे व्यायाम करा आणि बघा, असं सर्जन म्हणाले. पुन्हा तिथे जोराचा मार बसला तर पाऊल कायमचं लोंबेल, हेही म्हणाले. तेव्हापासून टेरेन्स आठवड्यातून तीनदा माझ्याकडे येऊ लागला. वर्ल्ड कपच्या वाटेवरच्या दोह्यात तो एका शाळेत पी.ई. शिकवायला आला होता. फुटबॉलपटू आहे म्हटलं की टॅक्सीवाले आणि सिक्युरिटी गार्ड उत्साहाने फोन काढायचे आणि कुठला फुटबॉल ते कळलं की परत खिशात ठेवायचे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचा, "निदान अर्धा मिनिट तरी मी स्टार असतो."

त्याची कारकीर्द मी अशी टेबलावर तुकड्यातुकड्यांनी ऐकली. संघ किती ते त्यालाही नीट सांगता यायचं नाही, कारण काही संघ तो पोचायच्या आधीच बंद पडले. सगळ्यांची नावं वादळांची नाही तर सापांची. एका ठिकाणी जुन्या संघाच्या जर्सीवर टेप चिकटवून वर मार्करने नवं नाव लिहिलेलं. दिवसा ट्रक भरायचा, संध्याकाळी सराव, शनिवारी मॅच. मॅच संपली की खेळाडू मैदानावरच थांबून गावातल्या पोरांना सह्या देत. त्याच्याकडे रांग कमी असायची, म्हणून तो प्रत्येकाला नाव विचारून, नीट स्पेलिंग करून सही द्यायचा.

मी एकदा विचारलं, तू किती मोठा खेळाडू होतास. त्याने जरा विचार करून सांगितलं, "मी दोन यार्डांचा माणूस." हॉलमधल्या खेळात चेंडू फेकायचाच असतो. रनिंग बॅकने चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहून येणारे धक्के अंगावर घ्यायचे. फक्त गोलची रेषा, जी चेंडू घेऊन ओलांडली की सहा गुण, अगदी जवळ आली की सगळे समोर भिंत करून उभे राहतात आणि फेकायला जागा उरत नाही. तेव्हा चेंडू याच्या कुशीत. दोन यार्ड म्हणजे माझ्या टेबलापासून दारापर्यंत. तेवढ्यासाठी तीन-चार माणसं अंगावर घ्यायची. "बाकी सगळं मैदान इतरांचं," तो म्हणाला, "ते दोन यार्ड माझे."

मला हा माणूस आवडू लागला होता. उगाच कशाला नाकारू. दहा मिनिटं आधी यायचा, जाताना टॉवेलची घडी घालून ठेवायचा, शायनीला रोज खालून करक, म्हणजे आखातातला कडक दुधाचा चहा, आणायचा. सांगितलेला व्यायाम सांगितला तेवढाच करायचा, एक कमी नाही आणि एक जास्तही नाही. चांगला पेशंट ओळखायचा तो यावरून. कमी करणारे पुष्कळ असतात, पण लवकर बरं व्हायच्या घाईत जास्त करणारे आमचा खरा घात करतात. रामबहादूर शेजारच्या टेबलावर असला की हा त्याला ओरडून सांगायचा, "ब्रदर, वेट फॉर तीन." साडेमाडेला त्याने कधी पाय खाली टेकला नाही. मी मुद्दाम लांबवून पाहिलं. तो घामाघूम व्हायचा, पण तीन ऐकल्याशिवाय हलायचा नाही.

"ही तर आमची विद्या आहे," तो म्हणाला. त्यांच्या खेळात डाव सुरू होण्याआधी क्वार्टरबॅक, म्हणजे तो चेंडू फेकणारा, मोठ्याने आरोळी देतो. कुठल्या शब्दावर चेंडू सुटणार ते आपल्या माणसांना माहीत असतं, समोरच्यांना नसतं. जो आधी हलतो त्याला शिक्षा. दोह्यात अशाच हौशी परदेशी लोकांनी इनडोअरचा एक संघ काढला होता, भाड्याच्या हॉलमध्ये. भिंतीला लावायला नजमा भागातल्या दुकानातून, एकट्या कामगारांच्या खोल्यांत असतात तसल्या फोमच्या गाद्या आणून दोरीने बांधल्या होत्या. टेरेन्स त्या संघाचा कॅप्टन होता, पण उपचार चालू होते तोवर सरावाला नुसता कडेला उभा राहायचा. त्याने त्यांच्या क्वार्टरबॅकला, एका बँकेतल्या कॅनेडियनला, माझं मोजणं शिकवलं. सरावाला तो 'एक, दोन, साडेमाडे' असं ओरडायला लागला आणि समोरची मंडळी साडेमाडेला उड्या मारू लागली. आमच्या गल्लीची लबाडी इतक्या लांब जाईल असं वाटलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. दुबईच्या संघाशी सीझनची शेवटची मॅच होती, शुक्रवारी दुपारी. त्यानंतर टेरेन्सचं शाळेचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, तो अमेरिकेला परत जाणार होता आणि त्याला पुन्हा कुठलाही संघ बोलावणार नव्हता. मॅचला दोन आठवडे असताना तो एक फॉर्म घेऊन आला. खेळायला योग्य की अयोग्य, खाली उपचार करणाऱ्या फिजिओची सही.

खरं सांगते, तो दुसऱ्या कुठल्याही क्लिनिकमध्ये जाऊन फक्त गुडघा दाखवू शकला असता. पाच मिनिटांत सही मिळाली असती. तो कोरा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला.

मी त्याला टाचांवर चालायला लावलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मी फक्त उजवी पावलं मोजत होते, सहाही वेळा बोटं वर होती. पहिल्या दिवशीच्या मानाने केवढी सुधारणा. सातव्याला ती खाली आली.

तो माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच त्याने काहीतरी मागितलं. "मॅडम, मी आजवर खेळ कधी संपवला नाही. प्रत्येक वेळी मला कळवण्यात आलं. मेसेज यायचा, किंवा लॉकर रिकामा केलेला असायचा. यू आर रिलीज्ड. कारण कोणी सांगत नाही. ही एक मॅच मला संपवू दे. दोन-चारदाच चेंडू घेईन."

रिलीज हा शब्द आमच्या धंद्यातही आहे. आखडलेला स्नायू सोडवणं म्हणजे रिलीज. दिवसातून वीस वेळा मी तो शब्द वापरायची, पेशंट सुस्कारा टाकायचा आणि बरं वाटतंय म्हणायचा. त्याच्याकडे तोच शब्द हाकलून देण्याचा होता.

मी 'अयोग्य'वर खूण केली आणि सही केली.

"तू मला रिलीज करतेयस?" त्याने विचारलं.

"हो. पण समोर बसून. आणि कारण सांगून. सातव्या पावलाला बोटं पडली, टेरेन्स. तुला अजून चाळीस वर्षं चालायचंय."

त्याने फॉर्म उचलून खिशात ठेवला. मग टॉवेलची घडी घातली, "शुक्रन, मॅडम," असे अरबीत आभार मानले आणि गेला. पुढच्या वेळी येईल की नाही याची मला खात्री नव्हती. आला. दहा मिनिटं आधीच आला.

मॅचला मी, नवरा आणि मुलगी गेलो. शायनीही आली होती आणि येताना रामबहादूरला घेऊन आली होती. टेरेन्स कॅप्टन म्हणून नाणं उडवायला गेला, साध्या शर्टात, आणि मग गाद्यांपाशी उभा राहिला. त्याच्या जागी उमर नावाचा जॉर्डनचा तरुण आर्किटेक्ट खेळत होता. टेरेन्सने त्याला प्रत्येक खेपेला पाय कुठे टाकायचा ते सांगून पाठवलं. साडेमाडेवर दुबईवाले तीनदा फसले. तिसऱ्यांदा माझ्या नवऱ्याने इतक्या जोरात टाळ्या पिटल्या की त्यांचा कोच आमच्याकडे वळून बघू लागला.

शेवटच्या मिनिटाला आमचा संघ चार गुणांनी मागे होता आणि गोलची रेषा दोन यार्डांवर आली. एकच संधी राहिली होती. समोर सगळ्यांनी भिंत केली. सगळ्यांना ठाऊक होतं, आता चेंडू कुशीत. या वेळी साडेमाडेला कोणी हललं नाही. 'तीन' झालं, उमर घुसला आणि वीतभर अलीकडे पडला. शिट्टी झाली.

आम्ही हरलो. ती वीतभर जागा टेरेन्सने नक्की काढली असती. हे मला कोणी म्हणालं नाही. त्या हॉलमध्ये उमरला सगळ्यात आधी उठवायला धावला तो टेरेन्सच होता. तो त्याच्या पाठीवर हात ठेवून काय बोलला ते ऐकू आलं नाही. मी मात्र तेव्हा मान खाली घातली. माझी सही बरोबर होती, आजही मी तीच करीन. पण बरोबर सही केल्यावरही माणसाला इतकं वाईट वाटू शकतं, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

लोक पांगले. गाद्यांच्या दोऱ्या सोडायला सुरुवात झाली होती. टेरेन्स चेंडू घेऊन माझ्याकडे आला.

"मॅडम, समोर कोणी नसताना पळायला चालेल?"

"किती?"

"दोन यार्ड."

मी मनातल्या मनात सगळं तपासलं. मार नाही, झटका नाही, सपाट जमीन. "चालेल," मी म्हटलं.

तो दोन यार्डांच्या खुणेवर जाऊन वाकून उभा राहिला, चेंडू कुशीत. मी बाजूच्या गाद्यांपाशी उभी होते, त्याच्यापासून चांगली लांब. उमर, तो कॅनेडियन, आमचं मंडळ, सगळे होते तिथेच थांबले. टेरेन्सने माझ्याकडे न बघता हाक दिली, "काउंट."

"एक," मी म्हटलं. "दोन. साडेमाडे..."

आणि मला पुढचं म्हणवेना. तो हलला नाही. दहा वर्षं ज्याने बर्फावर, टेप चिकटवलेल्या जर्सीत, नाव न कळणाऱ्या गावांत धक्के अंगावर घेतले, तो तिथे वाकून माझ्या एका शब्दाची वाट पाहत होता, आणि तो शब्द म्हटला की सगळं संपणार होतं. पेशंटकडून चोरलेले सगळे सेकंद मला त्या वेळी त्याला द्यावेसे वाटले. हॉलमध्ये फक्त एसीचा आवाज होता. तो घामाघूम झाला होता. तरी हलला नाही.

"तीन," मी म्हटलं.

दोन ढांगांत तो रेषेपलीकडे होता. चेंडू त्याने आपटला नाही, फेकला नाही. वाकून तिथे नीट ठेवला. मग वळला, आणि मी न सांगताच टाचांवर चालत माझ्याकडे यायला लागला. सवयीने मी मोजू लागले. पाच, सहा, सात. आठव्या पावलालाही उजव्या पायाची बोटं वर होती.